चार भोकांच्या बटणाची नानकटाई

दिवाळी अंकाच्या संपादक बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "ताई, घरच्या घरी, कमी भांड्यांत, कमी पसाऱ्यात होणारे केक-बिस्किटांचे सोपे प्रकार लिहा. आणि तुमची ही हौस कशी सुरू झाली तेही." मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि मग एकटीच बडबडत बसले. हौस कसली आलीय डोंबलाची! कमी भांड्यांत करत होते कारण भांडीच कमी होती. कमी पसाऱ्यात करत होते कारण वरळीच्या बीडीडी चाळीतल्या एका खोलीत आम्ही सहा माणसं राहत होतो आणि पसारा मांडायला जमीनच शिल्लक नव्हती. नळाला पाणी सकाळी दीड तास यायचं. जास्तीचं एक भांडं खरकटं झालं तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच बसायचं आणि मुंग्यांची चंगळ व्हायची. आज त्यालाच सोपं म्हणतात आणि वर माझ्याकडून कृती मागतात.

तरी कृती सांगते, कारण ती सांगायला मला कधीच कमीपणा वाटला नाही. मी पस्तीसेक वर्षं केक आणि नानकटाया करून विकल्या. शेवटची दहा-बारा वर्षं सोडली तर माझ्याकडे ओव्हन नव्हता. होतं ते एक जाड बुडाचं ॲल्युमिनियमचं पातेलं, एक पत्र्याचा खोलगट डबा, कान तुटलेला एक कप आणि शेगडी. वरळीच्या किनाऱ्यावरची वाळू आणायची, सात-आठ पाण्यांनी धुवायची आणि गच्चीवर वाळवायची. पातेल्यात चार बोटं वाळू, पातेलं निखाऱ्यांवर. वाळू तापली की नाही ते कागदाच्या कपट्यानं बघायचं. कपटा टाकल्याबरोबर काळा पडला तर वाळू जास्त तापली, बदामी झाला तर बरोबर. तोवर डब्यातच साखर, वनस्पती तूप आणि दही हातानं फेसायचं, त्यातच मैदा, त्यातच वेलची, सगळ्यात शेवटी सोडा. वेगळं भांडं नाही, चमचा नाही. डबा वाळूत बसवायचा, वर झाकण, झाकणावर चार निखारे. झाडूची नवी काडी खुपसून बघायची. काडी कोरडी निघाली की केक झाला. घासायला उरतो एक डबा आणि तुमचा उजवा हात.

हे मला माझगावच्या एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईंनी शिकवलं. माझी आई त्यांच्याकडे धुणंभांडी करायची आणि लग्नाआधी मीही तिच्याबरोबर जायचे. आम्ही त्यांना आंटी म्हणायचो. आंटी स्वतः स्टुलावर बसून हुकूम सोडायच्या. एकदा माझा केक मध्येच बसला तर म्हणाल्या, "झाकण किती वेळा उघडलंस? केक काय तुझा नवरा आहे, सारखा बघायला?" माझं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं.

लग्न होऊन वरळीला आले. आमचे मालक परळच्या मिलमध्ये होते. सासूबाई, धोंडाबाई, मूळच्या रत्नागिरीकडच्या. ठेंगण्या, काळ्या, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर रस्त्यावरचा माणूस थांबायचा. आमच्या घरानं बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक समुद्रात सोडायला त्याच सगळ्यांत पुढे होत्या. माझ्या केकचा पहिला तुकडा त्यांनी खाल्ला, बराच वेळ चघळला आणि म्हणाल्या, "गोड भाकरी हाय गो. पन बरी हाय." त्यानंतर चाळीत कुणाचा वाढदिवस असला की त्याच परस्पर कबूल करून यायच्या.

तो काळ संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा. गिरणगावात दुसरा विषयच नव्हता. गिऱ्हाइकंही तशीच. लालबागच्या एका मंडळाचे दादा एकदा आले, मिशीला पीळ देत उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, आपल्याला केक पायजे, महाराष्ट्राच्या नकाशाचा. मुंबईसकट." मी म्हटलं, माझा डबा गोल आहे, केक गोलच होणार. "ते आपल्याला ठाऊक नाय. मुंबई पायजे म्हणजे पायजे." शेवटी तीन केक करून, शाळेचा नकाशा समोर ठेवून मी सुरीनं महाराष्ट्र कापला. विदर्भ नीट बसला, बेळगावही बसलं, पण मुंबईचा तुकडा काही टिकेना. एवढासा तो, हात लावला की भुगा. दादा डोक्यावर उभे. "बाई, बाकी कायपण होऊ दे, मुंबई तुटता कामा नये." मग साखरेचा चिकट पाक करून मुंबई डकवली. मंडळात केक कापला तेव्हा मुंबई कुणी खायची यावरून दोन गल्ल्यांत हाणामारी झाली असं नंतर कळलं. असल्या गिऱ्हाइकांचा मला कधी राग आला नाही. ते माझ्या दारात येऊन माझ्याशी भांडत होते.

माझा राग वेगळा आहे आणि तो अजून गेलेला नाही. आता तेच लिहिते.

बायकांचा एक मोर्चा निघाला होता. मी आणि सासूबाई त्यात होतो. मोर्चा अडवला, लाठ्या चालल्या. सासूबाईंच्या खांद्यावर एक बसली. आम्हा तीस-चाळीस बायकांना गाडीत घालून पोलीस ठाण्याच्या आवारात नेऊन बसवलं. दुपार तिथंच गेली. प्यायला पाणी मिळालं, खायला काही नाही. माझ्या पिशवीत सकाळच्या केकचे तुकडे डब्यात होते. माझ्या शेजारी दादरच्या एक बाई बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या, लांब वेणी, चष्मा. मी डबा उघडला आणि जराशी थांबले. त्यांनी न विचारता तुकडा उचलला, अर्धा मोडून दुसऱ्या बाईला दिला आणि उरलेला तोंडात टाकला. "अगं, काय सुरेख झालाय! कुणी केला?" मी म्हटलं, मी. "कुठं राहतेस? नाव काय तुझं?" मी दोन्ही सांगितलं. बीडीडी चाळ म्हटल्यावर आणि माझं आडनाव ऐकल्यावर लोकांच्या चेहऱ्यात जो किंचित फरक पडतो तो यांच्या चेहऱ्यात पडला नाही. आणखी एक तुकडा घेतला त्यांनी. या कुमुदताई.

त्या मला पहिल्या दिवसापासून "शेवंता" आणि "तू" म्हणत. मी त्यांना "कुमुदताई" आणि "तुम्ही". दोघी एका वयाच्या. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. आता लिहिताना खटकतं.

कुमुदताईंनी मला दादरची गिऱ्हाइकं मिळवून दिली, हे मी नाकारणार नाही. अंड्याशिवायचा केक तेव्हा फारसा कुणी करत नसे. "आमच्या ओळखीच्या एक बाई करतात," एवढं सांगून त्या ऑर्डर आणायच्या, स्वतः आमच्या खोलीवर यायच्या, सासूबाईंच्या हातचा चहा प्यायच्या. सासूबाईंना त्यांचं फार कौतुक. "आपल्या संगती लाठी खाल्लेली बाय हाय," असं सगळ्या मजल्यावर सांगायच्या. खरं तर कुमुदताईंना लाठी लागली नव्हती.

मग महाराष्ट्र झाला. सगळी मुंबई नाचत होती. कुमुदताईंच्या वाडीत मोठा समारंभ ठरला. त्या आमच्याकडे आल्या त्याच आनंदानं लाल होऊन. "शेवंता, पाचशे नानकटाया. वाडीतल्या प्रत्येकाच्या हातात एकेक. आणि ऐक, ज्यांनी ज्यांनी समारंभाला हात लावला त्या प्रत्येकाला मंचावर बोलावून नारळ देणार आहोत. रांगोळीवाली, तोरणवाला, सगळे." सासूबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "म्हंजे शेवंताचा नाव लाऊडस्पीकरात घेनार?" कुमुदताई हसल्या. "घेणार तर!" सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं.

आता इथं एक गोष्ट बाहेरच्यांना सांगायला हवी. पाचशे नानकटाया वाळूच्या पातेल्यात होत नाहीत. त्या बेकरीच्या भट्टीत भाजून आणायच्या. मुंबईत तेव्हा सगळ्यांचीच ती पद्धत. सणाआधी बायका घरी पीठ मळून डबे भरून बेकरीत न्यायच्या. बेकरीवाला ट्रे द्यायचा, तिथंच गोळे करून मांडायचे. पण एका भट्टीत पंधरा-वीस घरांचे ट्रे जायचे, मग आपले कुठले ते कळायचं कसं? म्हणून प्रत्येक घराची खूण ठरलेली. कुणी चारोळी दाबायचं, कुणी काट्याच्या रेघा ओढायचं, कुणी शिवताना बोटात घालायच्या अंगुस्तानाचं टोक उमटवायचं. माझी खूण म्हणजे नखाची एक आडवी रेघ. खूण म्हणजे नुसती ओळख नव्हती. हे पीठ आमच्या घरात, आमच्या माणसाच्या हातानं मळलंय, याची ती ग्वाही असायची. सोवळ्याओवळ्याच्या घरांतून बेकरीचा पाव कुणी शिवायचं नाही, पण आपल्या खुणेची नानकटाई चालायची. आग बाहेरची असली तरी हात घरचा.

समारंभाच्या दोन दिवस आधी कुमुदताई परत आल्या. सासूबाई घरात नव्हत्या. कुमुदताईंनी पर्समधून कागदाची पुडी काढली. आत कोटाचं एक मोठं चार भोकांचं बटण होतं. त्यांच्या घरची खूण.

"शेवंता, हे दाबशील नानकटायांवर?"

मी विचारलं, का.

"आमच्या सासूबाई आहेत ना. बाहेरचं खात नाहीत. आणि वाडीतली म्हातारी माणसं त्यांच्याकडे बघून खातात. हे बटण असलं म्हणजे प्रश्नच येत नाही." मग माझा हात हातात घेतला. "आपल्या दोघींत काय आहे गं? आपण एका डब्यातलं खाल्लंय."

मी म्हटलं, "मग मंचावर?"

"ते बघू आपण. आधी सगळं नीट पार पडू दे."

तेव्हाच ते बटण त्यांच्या हातात परत ठेवायला हवं होतं. मी ठेवलं नाही. दादरची सगळी गिऱ्हाइकं त्यांच्या हातात होती ही भीती होती, खोटं कशाला बोलू. पण नुसती भीती नव्हती. मला वाटलं, या बाईनं माझ्या डब्यातलं खाल्लंय, ही ऐनवेळी काहीतरी करील. मी बटण पदराच्या गाठीत बांधलं आणि सासूबाईंना काही सांगितलं नाही. ही माझी चूक. आजवर ती मी कुणाच्या नावावर ढकललेली नाही.

पीठ करायला आम्ही चार शेजारणींच्या पराती आणल्या. नानकटाईत पाण्याचा थेंब घालत नाहीत. सगळं काम तुपाचं. तूप तळहातानं इतकं फेसायचं की ते पांढरं शुभ्र व्हावं. झालं की नाही ते बघायला वाटीभर पाण्यात त्याचा कण सोडायचा. तरंगला तर झालं, बुडाला तर फेसत राहा. पाचशेचं तूप फेसून माझा खांदा भरून आला. सासूबाई आपल्या दुखऱ्या खांद्यानं रवा चाळत होत्या आणि गाणं म्हणत होत्या. मला ते ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबे घेऊन दादरच्या बेकरीत गेले. बेकरीवाले चाचा मला ओळखत. लांब दांड्याच्या फावड्यानं ते ट्रे आत ढकलायचे. मी बटण दाबायला लागले तसे ते थांबले.

"बाई, ये निशान तो चष्मेवाली बाई का है. तेरा लकीर किधर गया?"

"इस टाइम यही है, चाचा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मेरेको क्या. लेकिन पीठ तूने गुंदा, हाथ तेरा, और निशान उसका? ये कैसा धंदा?" पाचशे वेळा बटण दाबलं. त्या सगळ्या काळात मला इतकं साधं कुणी विचारलं ते त्यांनीच.

समारंभ संध्याकाळी होता. वाडीच्या चौकात मंच, पताका, दिवे. मी आणि सासूबाई चौकाच्या कडेला उभ्या होतो. सासूबाईंनी हिरवं लुगडं नेसलं होतं, डोक्याला तेल लावलं होतं. नानकटायांची परात फिरायला लागली. वरच्या गॅलरीत कुमुदताईंच्या सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्यापुढे बशी गेली. त्यांनी एक उचलली, चष्मा वर करून खूण बघितली आणि खाल्ली. मग दुसरी घेतली. नंतर खाली वाकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "कुमुदच्या हाताला आता माझी चव आली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुमुदताई मंचाजवळ होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली आणि हात जोडले, वर गॅलरीतल्या आपल्या सासूबाईंना.

मग नावं पुकारायला लागले. रांगोळी, अमुक ताई. तोरण, तमुक भाऊ. दिवे, आणखी कुणी. प्रत्येक नावाला सासूबाई माझ्या दंडाला धरून पुढे सरकवत होत्या. "आता तुझा. आता बघ." मग लाऊडस्पीकरमधून आलं, नानकटाई, आणि पुढे कुमुदताईंचं नाव, सासरच्या आडनावासकट. कुमुदताई मंचावर गेल्या. नारळ घेतला.

सासूबाईंना आधी वाटलं, चूक झाली. "इसरलं वाटतं. जा, सांग जाऊन. गर्दीत व्हतं असं." मी हलले नाही. "अगो जा की. त्यांका म्हाईत नसंल."

मी म्हटलं, "माहीत आहे त्यांना. मीच त्यांची खूण दाबली."

त्यांना कळेना. मग मी सगळं सांगितलं, बटणाचं, गॅलरीतल्या म्हातारीचं. त्यांच्या हातात परातीतून आलेली नानकटाई होती. त्यांनी ती दिव्याकडे धरली आणि त्या चार भोकांकडे बघत राहिल्या. त्या मोठ्यानं बोलणाऱ्या बाई. मला वाटलं, आता चौक डोक्यावर घेतील. मला मनातून तेच हवं होतं. जे माझ्यानं होत नव्हतं ते त्यांनी करावं.

त्या अगदी हळू बोलल्या. "पोलिसान लाठी मारून नाव इचारलान, तवाबी मी माझाच नाव सांगितला, शेवंते."

एवढंच. नानकटाई त्यांनी खाल्ली नाही. शेजारच्या ओट्यावर ठेवली आणि चालायला लागल्या. मी त्यांच्या मागून. वरळीपर्यंत आम्ही चालत आलो. सगळ्या रस्त्यांवर गुलाल होता आणि लोक अनोळखी माणसांना मिठ्या मारत होते.

कुमुदताई आठवड्यानं आल्या. गिरगावातल्या कुठल्याशा लग्नाची ऑर्डर घेऊन. खोलीत शिरून नेहमीच्या जागी बसल्या. "शेवंता, तुला राग आलाय ना? माझा नाइलाज होता गं."

मी म्हटलं, "कुमुदताई, ऑर्डर घेते. आधी घरी जाऊन तुमच्या सासूबाईंना सांगा, त्या नानकटाया कुणी केल्या. माझं नाव सांगा, आडनावासकट."

त्यांचे डोळे भरले. रडण्यात खोटेपणा नव्हता, हेही लिहायला हवं. "त्या आहेत तोवर कसं शक्य आहे? घराबाहेर काढतील मला."

"मग त्या नसतील तेव्हा या."

सासूबाई कोपऱ्यात होत्या. त्यांनी त्या दिवशी चहा टाकला नाही.

दादरची गिऱ्हाइकं गेली. दोन वर्षं हाल झाले. मग परळ, चिंचपोकळी, माझगाव असं करत मी नव्यानं धंदा उभा केला. नानकटाईवर नखाची रेघ आणि डब्यावर कागद चिकटवून माझं पूर्ण नाव. काही लोक नाव वाचून डबा परत करायचे. कारण मात्र कधी खरं सांगायचे नाहीत. म्हणायचे, जरा कडक वाटली, जरा गोड कमी आहे. मी तो डबा त्यांच्या समोर उघडायचे, एक नानकटाई दोन बोटांनी दाबून भुगा करून दाखवायचे आणि विचारायचे, कुठं आहे कडक? तोवर ते जिना उतरायला लागलेले असायचे. ज्या मोर्चात आम्ही एका गळ्यानं ओरडलो, त्यातलीच माणसं होती ही. मुंबई आपली म्हणताना त्यांना माझा आवाज चालला होता. माझे हात चालत नव्हते.

अठरा-वीस वर्षांनी एका दुपारी कुमुदताई आल्या. केस पिकलेले, चष्मा जाड झालेला. मी दार उघडलं तशा म्हणाल्या, "सासूबाई गेल्या, शेवंता. आता मला अडवायला कुणी नाही. नातीचं बारसं आहे. पाचशे नानकटाया हव्यात. सगळ्यांसमोर तुझं नाव घेईन. लाऊडस्पीकर लावून घेईन."

मी त्यांना आत बसवलं. पाणी दिलं. त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली, जिथं सासूबाई तांदूळ निवडत बसायच्या. तिथं आता शिलाई मशीन होतं.

"आणि तुझ्या सासूबाई?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं झाली."

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग पुन्हा म्हणाल्या, "मी नाव घेईन गं, खरंच घेईन."

मी म्हटलं, "घ्या ना. पण ते ऐकायला हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या, त्यांना आता कुठून आणू?"

त्यांची ऑर्डर मी घेतली नाही.